वेबपृष्ठावरील संवादचौकट आणि कळफलकाचा ‘फोकस’ : सुगम्यतेच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने यंत्रे, कंपन्या आणि संशोधक यांच्याभोवती झालेले आहे. पडद्यावर एखादी लहानशी चौकट उघडल्यानंतर कळफलकाचा ताबा नेमका कोणाकडे जातो, हा प्रश्न त्या तुलनेत क्षुल्लक वाटण्याची शक्यता आहे. परंतु ज्या व्यक्ती माऊसचा वापर करू शकत नाहीत, त्यांच्या दृष्टीने हाच प्रश्न संगणकाचा वापर शक्य की अशक्य हे ठरविणारा असतो.

कळ दाबली असता ती ज्या घटकाला लागू होते, त्या घटकावर ‘फोकस’ आहे असे म्हणतात. एका वेळी फोकस एकाच घटकावर असतो आणि टॅब कळीने तो पुढील घटकावर नेता येतो. दृष्टिबाधित व्यक्ती स्क्रीन रीडर या आज्ञावलीच्या साहाय्याने फोकस जेथे असेल तेथील मजकूर ऐकत असते. हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या अनेक व्यक्ती कळफलकावर किंवा त्यासारख्या साधनांवर अवलंबून असतात. माऊसचा बाण पडद्यावर कोठेही नेता येतो. फोकस मात्र रांगेने चालतो. त्यामुळे ही रांग तुटली की वापरकर्त्याची वाटच तुटते.

समजा, एक दृष्टिबाधित विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरत आहे. ‘अर्ज सादर करा’ या बटणावर येऊन त्याने एन्टर कळ दाबली. पडद्याच्या मधोमध ‘माहिती बरोबर असल्याची खात्री करा’ अशी चौकट उघडली आणि मागील पृष्ठ अंधूक झाले. डोळस व्यक्तीला हे क्षणात दिसते. परंतु फोकस मागील पृष्ठावरच राहिला असेल आणि चौकटीची सूचना स्क्रीन रीडरला दिलेली नसेल, तर तो तिच्याविषयी एक शब्दही उच्चारत नाही. विद्यार्थी टॅब दाबत झाकलेल्या पृष्ठावरील दुवे एकामागून एक ऐकत राहतो आणि अर्ज गेला, अशी त्याची समजूत होते. मुदत संपते, अर्ज मात्र पोहोचलेलाच नसतो. चूक विद्यार्थ्याची नसते, तरीही तिचे फळ त्याच्याच पदरी येते.

प्रस्तुत लेखात या समस्येचा उगम, तिचा विस्तार आणि तिच्या निराकरणाचे प्रयत्न यांचा ऐतिहासिक दृष्टीने आढावा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) संगणकीय संवादचौकटीच्या विकासाचा आणि तिच्यातील कळफलक-व्यवस्थेचा मागोवा घेणे.
२) वेबवर ही व्यवस्था का मोडली, याची कारणे शोधणे.
३) फोकस सांभाळण्याची जबाबदारी वेळोवेळी कोणाकडे होती, हे स्पष्ट करणे.

१. संवादचौकटीचा उगम :

टॅब ही कळ टंकलेखन यंत्रावरून संगणकाकडे आली. तक्त्यातील स्तंभ सरळ रेषेत यावेत, हा तिचा मूळ हेतू होता. आयबीएम कंपनीने १९७१ मध्ये आणलेल्या ३२७० या टर्मिनलवर पडद्यावरील नमुन्याच्या एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाण्यासाठी तिचा वापर होऊ लागला. म्हणजेच फोकसची रांगेने चालण्याची कल्पना माऊसच्या सार्वत्रिक वापरापूर्वीची आहे.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधन संस्थेत खिडक्या, चित्रे आणि माऊस यांवर आधारलेली संगणकरचना विकसित झाली. तेथील संशोधक लॅरी टेस्लर यांचा ‘मोड’ या संकल्पनेस तीव्र विरोध होता. एकच कळ एका स्थितीत एक काम करते आणि दुसऱ्या स्थितीत भलतेच काम करते. त्यामुळे वापरकर्ता गोंधळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या मोटारीच्या क्रमांकपाटीवरही ‘नो मोड्स’ ही अक्षरे होती. तथापि मोड पूर्णतः टाळणे व्यवहारात शक्य झाले नाही. फाईल पुसण्यापूर्वी खात्री करून घेणे, छपाईपूर्वी प्रतींची संख्या विचारणे अशा प्रसंगी वापरकर्त्याला थांबवून त्याचे उत्तर घेणे आवश्यक ठरते. उत्तर मिळेपर्यंत बाकी सर्व काम रोखून धरणारी चौकट ती ‘मोडल’ संवादचौकट होय. जानेवारी १९८४ मध्ये आलेल्या मॅकिन्टॉश संगणकात अशा चौकटी होत्या. त्याच संगणकाच्या पहिल्या कळफलकावर बाणाच्या कळा नव्हत्या, ही बाबही लक्षणीय आहे. माऊस हेच प्रमुख साधन मानण्याची वृत्ती त्यातून दिसते.

कळफलकाला न्याय मिळाला तो दुसऱ्या परंपरेत. आयबीएमने १९८७ मध्ये ‘कॉमन यूझर अॅक्सेस’ ही नियमावली प्रसिद्ध केली. टॅबने पुढील घटकावर जाणे, एन्टरने संमती देणे आणि एस्केपने माघार घेणे हे संकेत या परंपरेत स्थिरावले. विंडोज प्रणालीने ते स्वीकारले. विंडोजमध्ये मोडल संवादचौकट उघडली की मागील खिडकी प्रणालीच निष्क्रिय करीत असे. फोकस चौकटीत जात असे, तेथेच फिरत असे आणि चौकट बंद झाल्यावर मूळ खिडकीकडे परत येत असे. आज्ञावली लिहिणाऱ्याला यासाठी फारसे काही करावे लागत नसे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. फोकस सांभाळणे हे त्या काळी प्रणालीचे काम होते.

२. स्क्रीन रीडर आणि चित्रमय पडदा :

डॉस प्रणालीचा पडदा अक्षरांचा होता. त्यामुळे तो मोठ्याने वाचून दाखविणे तुलनेने सोपे होते. आयबीएममधील जिम थॅचर यांनी ऐंशीच्या दशकात तयार केलेला स्क्रीन रीडर आणि टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी आणलेला ‘जॉज’ हे या काळातील महत्त्वाचे टप्पे होत. विंडोजच्या प्रसारानंतर पडद्यावर अक्षरांऐवजी ठिपक्यांची चित्रे आली आणि दृष्टिबाधितांना हाती आलेले साधन निसटण्याची भीती निर्माण झाली. १९९५ मध्ये विंडोजसाठी जॉज उपलब्ध झाले. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘अॅक्टिव्ह अॅक्सेसिबिलिटी’ ही व्यवस्था आणली. तिच्यामुळे ‘हे बटण आहे, याचे नाव अमुक, फोकस येथे आहे’ अशी माहिती स्क्रीन रीडरला प्रणालीकडून मिळू लागली. अशा रीतीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संवादचौकटीचा प्रश्न संगणकावर बऱ्याच अंशी सुटला होता. मात्र त्याच सुमारास लोकांचे काम संगणकातील आज्ञावलींकडून वेबकडे सरकू लागले.

३. वेबचा प्रारंभ : पृष्ठ आणि पॉप-अप :

वेबची मूळ कल्पना परस्परांशी जोडलेल्या दस्तऐवजांची होती. दस्तऐवज वाचायचा असतो. त्यात संवादचौकटीला स्थान नव्हते. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा आणली आणि सूचना देणारी, होकार-नकार विचारणारी व मजकूर मागणारी अशा तीन साध्या चौकटी उपलब्ध केल्या. या चौकटी ब्राउझर स्वतः उघडत असे. त्यामुळे फोकस आपोआप त्यांच्यात जाई आणि काम झाल्यावर परत येई. सुगम्यतेच्या दृष्टीने त्या जवळजवळ निर्दोष होत्या. परंतु त्यांचे रूप बदलता येत नव्हते, त्यात नमुना किंवा चित्र घालता येत नव्हते आणि त्या उघड्या असेपर्यंत पृष्ठाचे काम थांबत असे. रचनाकारांना त्या रुक्ष वाटल्या.

दुसरा मार्ग होता तो स्वतंत्र खिडकी उघडण्याचा. याच मार्गाने पॉप-अप जाहिरातींचा सुळसुळाट झाला. ट्रायपॉड या संकेतस्थळासाठी अशा जाहिरातीची आज्ञावली लिहिणारे ईथन झुकरमन यांनी पुढे २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. अचानक उघडणाऱ्या खिडक्या सर्वांनाच त्रासदायक होत्या. दृष्टिबाधित वापरकर्त्याला तर आपण कोणत्या खिडकीत आहोत, हेच कळेनासे होई. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने ५ मे १९९९ रोजी प्रसिद्ध केलेल्या पहिल्या सुगम्यता मार्गदर्शिकेत वापरकर्त्याला पूर्वसूचना न देता नवीन खिडकी उघडू नये, असे स्पष्टपणे सांगितलेले होते. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणासंचासोबत इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये पॉप-अप रोखण्याची सोय आली आणि स्वतंत्र खिडकीचा मार्ग बहुतांशी बंद झाला.

४. चौकटीचा भास आणि व्यवस्थेचा लोप :

एक मार्ग बंद होताच दुसरा निघाला. पृष्ठावरच एक आडवा-उभा भाग इतर मजकुराच्या वर तरंगत ठेवायचा आणि मागे अर्धपारदर्शक काळा पडदा टाकायचा, अशी युक्ती रूढ झाली. २००५ च्या अखेरीस लोकेश ढाकर यांनी प्रसिद्ध केलेले ‘लाइटबॉक्स’ हे छायाचित्रे दाखविण्याचे साधन अतिशय लोकप्रिय झाले. त्याच वर्षी ‘एजॅक्स’ ही संज्ञा प्रचारात आली आणि वेबपृष्ठे आज्ञावलींसारखी वागू लागली. पुढे जेक्वेरी यूआय आणि २०११ मध्ये आलेले बूटस्ट्रॅप यांसारख्या तयार संचांमुळे कोणासही काही ओळींत चौकट उभारता येऊ लागली.

ही चौकट डोळ्यांना चौकट दिसे. पण ब्राउझरच्या लेखी ती पृष्ठाचाच एक सामान्य भाग होती. ब्राउझरला ती उघडल्याचे ठाऊक नव्हते, त्यामुळे त्याने फोकस हलविला नाही. मागील पृष्ठ अंधूक झाले, पण निष्क्रिय झाले नाही. अनेकदा चौकटीचा मजकूर पृष्ठाच्या अगदी शेवटी जोडला जाई. तेथे पोहोचण्यासाठी सर्व दुवे ओलांडावे लागत. चौकट बंद केल्यावर फोकस असलेले बटणच नाहीसे होई आणि वापरकर्ता पुन्हा पृष्ठाच्या आरंभी फेकला जाई. विंडोजने दशकभरापूर्वी सोडविलेला प्रश्न वेबवर नव्याने आणि अधिक बिकट स्वरूपात उभा राहिला.

तांत्रिक मर्यादाही होत्याच. डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएल ४ या मानकात टॅबचा क्रम ठरविणारा गुणधर्म केवळ दुवे, बटणे आणि नमुन्यातील रकाने यांनाच लावता येत असे. सामान्य भागावर फोकस नेण्याची अधिकृत सोय नव्हती. इंटरनेट एक्स्प्लोररने ती स्वतंत्रपणे दिली होती. नोव्हेंबर २००५ मधील फायरफॉक्स १.५ मध्ये आयबीएमच्या सहभागाने ती आली आणि कालांतराने सर्वमान्य झाली.

याच काळातील आणखी एका प्रथेची नोंद घेणे आवश्यक आहे. फोकस असलेल्या घटकाभोवती ब्राउझर एक रेषा दाखवितो. ती अनेक रचनाकारांना विद्रूप वाटे. एरिक मेयर यांच्या २००७ मधील प्रसिद्ध ‘रीसेट’ शैलीपत्रकात ही रेषा काढून टाकलेली होती. फोकससाठी स्वतःची शैली ठरविण्यास विसरू नये, अशी सूचनाही त्यासोबत होती. शैलीपत्रक सर्वत्र गेले; सूचना मात्र मागे राहिली. परिणामी, डोळस परंतु कळफलकावर अवलंबून असलेल्या व्यक्तींनाही फोकस कोठे आहे हे दिसेनासे झाले.

५. दुरुस्तीचे प्रयत्न : प्रत्येकाच्या खांद्यावर तेच ओझे :

वेबवरील कृत्रिम घटकांची ओळख स्क्रीन रीडरला करून देण्यासाठी ‘वाय-एरिया’ हे मानक तयार होऊ लागले. त्याचे प्रारंभिक मसुदे २००६ मध्ये आले आणि त्यास अंतिम मान्यता २० मार्च २०१४ रोजी मिळाली. या मानकामुळे एखादा भाग ‘संवादचौकट’ आहे असे जाहीर करता येऊ लागले. परंतु जाहीर करणे आणि तसे वागणे यांत अंतर होते. हे मानक केवळ नाव देत होते; वर्तन घडवून आणण्याचे काम पृष्ठ लिहिणाऱ्याकडेच राहिले. त्याची कर्तव्ये पाच होती : चौकट उघडताच फोकस आत नेणे, टॅबने तो आतच फिरता ठेवणे, एस्केप कळीने चौकट बंद करणे, मागील पृष्ठ स्क्रीन रीडरपासूनही झाकणे, आणि शेवटी फोकस मूळ बटणाकडे परत आणणे.

यांपैकी चौथे कर्तव्य सर्वांत कठीण ठरले. स्क्रीन रीडर वेबपृष्ठाची स्वतःची एक प्रत तयार करतो आणि वापरकर्ता बाणाच्या कळांनी त्या प्रतीत वाचत फिरतो. टॅब कळीला अडविले तरी बाणाच्या कळा मोकळ्याच राहत. त्यामुळे चौकटीबाहेरील प्रत्येक भागावर ‘अदृश्य’ असा शिक्का मारावा लागे आणि चौकट बंद झाल्यावर तो आठवणीने काढावा लागे. तो काढण्यास विसरल्यास संपूर्ण पृष्ठच मूक होऊन जाई. १४ डिसेंबर २०१७ रोजी मान्य झालेल्या वाय-एरियाच्या १.१ या आवृत्तीत ‘ही चौकट मोडल आहे’ असे सांगणारा स्वतंत्र गुणधर्म आला. पण तोही केवळ माहिती देणाराच होता.

दुसरा वाद तत्त्वाचा होता. ११ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या सुगम्यता मार्गदर्शिकेने चार निकष घालून दिले : सर्व कार्ये कळफलकाने करता यावीत, फोकसचा क्रम अर्थपूर्ण असावा, फोकस दिसावा आणि कळफलक कोठेही अडकून पडू नये. शेवटच्या निकषामुळे संभ्रम निर्माण झाला. फोकस चौकटीत अडकवणे हे कर्तव्य आणि कळफलक अडकू न देणे हाही नियमच! या विरोधाचा परिहार बाहेर पडण्याच्या वाटेत आहे. एस्केप कळीने किंवा बंद करण्याच्या बटणाने चौकटीतून सुटता येत असेल, तर तो सापळा नव्हे. खोलीला दार असेल तर ती कोठडी ठरत नाही.

कायद्याचा दबावही याच काळात वाढला. अमेरिकेतील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेने २००६ मध्ये टार्गेट या विक्रेता कंपनीविरुद्ध दाखल केलेल्या खटल्यातील एक तक्रार माऊसशिवाय खरेदी पूर्ण करता येत नाही, अशीच होती. २००८ मध्ये ६० लाख डॉलरच्या तडजोडीने तो मिटला. मोफत मिळणाऱ्या स्क्रीन रीडरमुळे वापरकर्त्यांचा आवाजही वाढला. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला ‘एनव्हीडीए’ यांत अग्रगण्य होय.

६. जबाबदारीचे प्रत्यावर्तन :

संवादचौकट हा एचटीएमएलचाच एक घटक असावा, हा विचार पुढे आला आणि ऑगस्ट २०१४ मधील क्रोम ३७ मध्ये तो प्रथम प्रत्यक्षात उतरला. याच आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने पूर्वी रूढ केलेली जुनी मोडल खिडकीची पद्धत काढून टाकण्यात आली, हा योगायोग सूचक आहे. तथापि फायरफॉक्स आणि सफारी या ब्राउझरांमध्ये हा घटक मार्च २०२२ मध्ये आला. म्हणजे साडेसात वर्षे तो एकाच ब्राउझर-कुलापुरता मर्यादित होता आणि तोपर्यंत लेखकांना हाताने लिहिलेल्या व्यवस्थेवरच विसंबावे लागले. पृष्ठाचा एखादा भाग संपूर्णतः निष्क्रिय करणारा ‘इनर्ट’ हा गुणधर्म २०२२ मध्ये क्रोम व सफारीत आणि एप्रिल २०२३ मध्ये फायरफॉक्समध्ये उपलब्ध झाला.

या घटकाने चौकट मोडल रीतीने उघडली की ब्राउझर स्वतःच फोकस आत नेतो, मागील पृष्ठ निष्क्रिय करतो, एस्केप कळीला प्रतिसाद देतो आणि बंद झाल्यावर फोकस पूर्वस्थानी परत नेतो. एक सूक्ष्म भेदही येथे नोंदविण्यासारखा आहे. हाताने लिहिलेला पहारा टॅब कळीला ब्राउझरच्या पत्तापट्टीपर्यंतही जाऊ देत नसे. ब्राउझरची व्यवस्था मात्र पृष्ठ रोखते, वापरकर्त्याला त्याच्या स्वतःच्या ब्राउझरपासून तोडत नाही.

सर्व प्रश्न यामुळे संपले असे नाही. फोकस चौकटीतील नेमक्या कोणत्या घटकावर जावा, हे यंत्र ठरवू शकत नाही. ‘सर्व नोंदी पुसा’ आणि ‘रद्द करा’ अशी दोन बटणे असतील, तर फोकस दुसऱ्यावर असणेच सुरक्षित. मजकूर दीर्घ असेल तर तो शीर्षकावर नेणे योग्य. चौकट उघडणारे बटणच दरम्यान नाहीसे झाले असेल, तर परतीचे स्थान लेखकालाच ठरवावे लागते. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेच्या २.२ या आवृत्तीत फोकस असलेला घटक तरंगत्या पट्ट्यांखाली पूर्णपणे झाकला जाऊ नये, असा नवा निकष आला. प्रश्न नवी रूपे घेऊन येतच राहतो, याचे हे द्योतक आहे.

७. भारतीय संदर्भ :

भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला आणि माहिती-संज्ञापन तंत्रज्ञानातील सुगम्यतेला त्याने वैधानिक आधार दिला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशींच्या स्वरूपाचे असू शकत नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काशी जोडला गेला.

महाविद्यालयांचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र कार्यरत असून उच्च शिक्षणसंस्थेने या क्षेत्रात काय करता येते, याचे ते उदाहरण आहे. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती आणि ग्रंथालय ही सर्व कामे आता वेबवर होतात. मराठी संकेतस्थळांची एक वेगळी अडचणही आहे. तयार संचांतून घेतलेल्या चौकटीत बंद करण्याच्या बटणाचे अदृश्य नाव इंग्रजीतच राहते. पृष्ठ मराठीत ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला ऐन मोक्याच्या ठिकाणी परका शब्द ऐकू येतो. डोळ्यांना तेथे केवळ फुली दिसत असल्याने ही त्रुटी तपासणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. माऊस बाजूला ठेवून टॅब, एन्टर आणि एस्केप एवढ्याच कळांनी अर्ज पूर्ण करून पाहणे, ही कोणत्याही महाविद्यालयास विनाखर्च करता येण्याजोगी पहिली चाचणी होय.

निष्कर्ष :

१) फोकसचे व्यवस्थापन ही वेबची नवी समस्या नव्हे. विंडोजसारख्या प्रणालीत ती सुटलेली होती. वेबवर संवादचौकटीचे केवळ दृश्य रूप आले आणि तिचे वर्तन मागे राहिले.
२) १९९५ मधील ब्राउझरच्या साध्या चौकटी सुगम्य होत्या. त्यांचा त्याग प्रामुख्याने त्यांच्या रुक्ष रूपामुळे आणि मर्यादित उपयोगामुळे झाला.
३) २००५ ते २०२२ या काळात ही जबाबदारी प्रत्येक पृष्ठलेखकावर विखुरली गेली. मानके व कायदे यांनी कर्तव्य सांगितले. ते पार पाडण्याचे साधन मात्र उशिरा मिळाले.
४) सुगम्यता पायाभूत व्यवस्थेतच अंतर्भूत केल्यास ती टिकते, व्यक्तिगत दक्षतेवर सोपविल्यास ती विस्मृतीत जाते. तथापि कोणत्या क्षणी वापरकर्त्याला कोठे न्यावे, हा विवेक अखेर लिहिणाऱ्यालाच बाळगावा लागतो.

समारोप :

संवादचौकट म्हणजे यंत्राने माणसाला थांबवून विचारलेला प्रश्न. ज्याला प्रश्न विचारला, त्याला तो ऐकू येईल, उत्तर देता येईल आणि उत्तरानंतर आपल्या जागी परतता येईल, एवढीच या साऱ्या तंत्राची मागणी आहे. वेबला ती पूर्ण करण्याची साधने मिळण्यास सतरा वर्षे लागली. आज ती सर्व प्रमुख ब्राउझरांत विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यामुळे यापुढे एखाद्या विद्यार्थ्याचा अर्ज झाकलेल्या पृष्ठावर अडकून राहिला, तर त्याचे कारण तंत्रज्ञानाची मर्यादा हे असणार नाही.